पाळीव प्राण्याच्या वाटीत ताजी भाजी: कोणाला, किती आणि कशी

‘पाळीव प्राण्याला भाजी द्यावी का?’ हा प्रश्न अर्धाच असतो, कारण प्राणी कोणता हे कळल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. गिनीपिगला आहारातून क जीवनसत्त्व मिळाले नाही, तर दोन-तीन आठवड्यांत त्याचे सांधे दुखू लागतात आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागते. कुत्र्याचे भाजीवाचून काही अडत नाही, पण नीट करून दिली तर ती त्याला मानवते. आणि मांजराला तिची गरज जवळजवळ नसते. त्यामुळे एका घरात हे तिन्ही प्राणी असतील, तर एकाच गाजराचे तीन वेगळे अर्थ होतात. पुढे प्रामुख्याने कुत्र्याविषयी लिहिले आहे, कारण भाजी सुरू करण्याचा विचार बहुतेक वेळा त्याच्यासाठीच होतो आणि चुकाही तिथेच जास्त होतात. इतर प्राण्यांविषयी जे आवश्यक आहे ते त्या त्या ठिकाणी येईल.

पोट कोणाचे आहे

कुत्रा हा लांडग्याचा वंशज असला तरी माणसाच्या सोबतीने त्याच्या पचनसंस्थेत बदल झाला आहे. पिष्ट पचवणारे अमायलेज हे विकर स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात साधारणपणे २ प्रती असतात, तर कुत्र्यांमध्ये ४ पासून ३० पर्यंत प्रती आढळल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवले. म्हणजे शिजवलेले रताळे कुत्र्याला पचते यात नवल नाही. मात्र भाजीच्या पेशींची भिंत सेल्युलोजची असते आणि ती फोडणारे विकर कुत्र्याकडे नाही. शिवाय तो घास चावत बसत नाही. फाडतो आणि गिळतो. गाजराचा मोठा कच्चा तुकडा दिला, तर दुसऱ्या दिवशी तो जवळजवळ तसाच, नारिंगी रंगासकट, विष्ठेत दिसतो. आमच्या घरी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा कुत्र्याला काहीतरी झाले असे वाटून मी घाबरलो होतो. झाले काहीच नव्हते. गाजर फक्त एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले होते. म्हणून कोणती भाजी द्यावी यापेक्षा ती कशी करून द्यावी याला मी अधिक महत्त्व देतो.

मांजराची गोष्ट निराळी आहे. गाजर-भोपळ्यातल्या बीटा कॅरोटीनपासून कुत्र्याचे शरीर अ जीवनसत्त्व तयार करू शकते. मांजराला ते पुरेसे जमत नाही, त्याला अ जीवनसत्त्व प्राणिज अन्नातून तयार स्वरूपातच मिळावे लागते. हृदय आणि डोळे शाबूत राहण्यासाठी त्याला लागणारे टॉरिन भाज्यांमध्ये नसते. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचे एक जनुक मांजरात निकामी झालेले असल्यामुळे गाजराचा गोडवाही त्याला कळत नाही. तेव्हा मांजराला भाजी हा आहार म्हणून नव्हे, तर फार तर थोडे पाणी आणि तंतू पोटात जावेत म्हणून द्यायची असते.

आधी हिशेब

पशुवैद्यकात सर्वमान्य असलेला एक साधा नियम आहे: मुख्य संतुलित खाद्याशिवाय जे काही दिले जाते, त्या सगळ्यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. ‘त्या सगळ्यांतून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण बिस्किटे, शिकवताना दिलेले खाऊचे तुकडे आणि घरातल्या आणखी कोणी गुपचूप भरवलेले घास हे सारे त्याच १० टक्क्यांत मोडतात.

उदाहरणासाठी १० किलो वजनाचा, नसबंदी झालेला, निरोगी, प्रौढ कुत्रा घेऊ. स्वस्थ बसलेल्या प्राण्याची ऊर्जेची गरज काढण्यासाठी वजनाचा पाऊण घात करून त्याला ७० ने गुणतात. १० किलोसाठी हे उत्तर ३९४ किलोकॅलरीच्या आसपास येते. अशा कुत्र्यासाठी त्याला १.६ ने गुणले की दिवसाची ढोबळ गरज ६३० किलोकॅलरी होते. त्यातला दहावा भाग ६३. कच्च्या गाजराच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४१, फरसबीत सुमारे ३१, लाल भोपळ्यात सुमारे २६, काकडीत सुमारे १५, तर रताळ्यात सुमारे ८६ किलोकॅलरी असतात. या हिशेबाने १५० ग्रॅम गाजर चालेल असे कागदावर दिसते, पण तेवढे तंतू एकदम पोटात गेले तर कुत्र्याला जुलाब होतील हे कागद सांगत नाही. व्यवहारात एवढ्या कुत्र्याला दिवसाला दोन ते तीन मोठे चमचे भाजी पुरे होते, आणि तिथपर्यंतही हळूहळू पोचायचे असते.

वजन कमी करायच्या उत्साहात काही जण निम्मे खाद्य काढून त्या जागी फरसबी घालतात. कुत्र्याचे पोट भरते हे खरे, परंतु त्याबरोबर प्रथिने, खनिजे आणि जीवनसत्त्वेही निम्मी होतात, आणि वजनासोबत स्नायूही झडू लागतात. वजन उतरवायचे असेल तर त्यासाठी बनवलेले खाद्य पशुवैद्यांना विचारून सुरू करावे आणि फरसबी बिस्किटांच्या जागी द्यावी. तिथे ती खरोखरच उपयोगी पडते.

पहिले दहा दिवस

सुरुवात एकाच भाजीने करावी. मिश्र भाजी दिली आणि पोट बिघडले, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. लाल भोपळा किंवा गाजर यांपैकी एक निवडावे. दोन्ही सौम्य आहेत आणि गोडसर असल्याने बहुतेक कुत्रे ती नाकारत नाहीत.

भोपळा धुवून, साल आणि बिया काढून, बोटाच्या पेरापेक्षा लहान फोडी कराव्यात. त्या पाण्यात उकळण्यापेक्षा वाफवाव्यात, कारण पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे उकळताना पाण्यात उतरतात. उकळल्याच तर थोडे पाणी वापरून तेही वाटीत घालावे. फोड चमच्याच्या पाठीने दाबली असता अडथळा न होता मोडली पाहिजे. मीठ, तेल, तूप, साखर, मसाला यांतले काहीही घालायचे नाही. फोडी मोडून लगदा करावा, तो कोमट झाला की त्यातला एक लहान चमचा नेहमीच्या खाद्यात घालावा, आणि चमच्याने खालपर्यंत ढवळावे. नुसता वर ठेवलेला लगदा हुशार कुत्रा कडेला सारून खालचे दाणे तेवढे वेचतो.

गाजर असेल तर दोन वाटा आहेत. बारीक किसणीवर किसून कच्चे दिले तरी चालते, कारण किसताना पेशींच्या भिंती बऱ्यापैकी फुटतात. किंवा वाफवून कुस्करून द्यावे. शिजवलेल्या गाजरातले कॅरोटीन शरीराला अधिक सहज मिळते. अख्खे गाजर चघळायला देणे अनेकांना आवडते, मात्र अधाशीपणाने गिळणाऱ्या किंवा लहान चणीच्या कुत्र्याला ते देऊ नये. गोल चकत्याही टाळाव्यात, कारण घशाच्या नळीत गोल तुकडा बुचासारखा बसू शकतो. गाजर उभे चिरून त्याच्या काडीसारख्या पट्ट्या कराव्यात.

पहिले तीन दिवस तोच एक लहान चमचा. या काळात विष्ठेकडे लक्ष ठेवणे हेच मुख्य काम आहे. ती घट्ट, आकार धरून राहणारी आणि उचलताना जमिनीवर फारशी न चिकटणारी असेल, तर चौथ्या दिवशी दोन लहान चमचे करावेत आणि सातव्या दिवशी एक मोठा चमचा. विष्ठा सैल झाली, तिच्यावर चिकट बुळबुळीत थर दिसला किंवा वायू फार सुटू लागला, तर भाजी थांबवावी, दोन-तीन दिवस पोट पूर्ववत होऊ द्यावे आणि पुन्हा निम्म्या प्रमाणापासून सुरू करावे. पहिली भाजी दहा दिवस सुरळीत पचली की दुसरी आणावी. हे सारे एका वहीत तारखेसह लिहून ठेवले तर पुढे पशुवैद्यांकडे जायची वेळ आली असता त्या वहीचा उपयोग आठवणीपेक्षा अधिक होतो.

भाज्यांचे गुण आणि खोड्या

लाल भोपळ्यातले विरघळणारे तंतू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे सौम्य बद्धकोष्ठ आणि सौम्य जुलाब या दोन्ही उलट तक्रारींत तो उपयोगी पडतो. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. उकाड्यात दुपारचा खाऊ म्हणून तिच्यासारखे काही नाही. मात्र काकडी किंवा भोपळ्याच्या वर्गातली कोणतीही भाजी देण्याआधी तिचा तुकडा स्वतः चाखून पाहावा. ती कडू लागली तर तिच्यात कुकुरबिटासिन वाढलेले असते. ते विषारी असते आणि शिजवूनही जात नाही, म्हणून ती भाजी माणसानेही खाऊ नये.

ब्रोकोली, कोबी आणि फ्लॉवर यांच्यामुळे पोटात वायू धरतो. ब्रोकोलीच्या तुऱ्यांत आयसोथायोसायनेट नावाची संयुगे असतात आणि ती प्रमाणाबाहेर गेल्यास आतड्याला झोंबतात, त्यामुळे तिचे एक-दोन लहान तुरे वाफवून, तेही रोज नव्हे, एवढ्यावर थांबावे. पालक आणि बीटची पाने यांत ऑक्झलेट भरपूर असते. निरोगी कुत्र्याने कधीतरी थोडा पालक खाल्ला म्हणून बिघडत नाही, पण ज्याला पूर्वी कॅल्शियम ऑक्झलेटचा मूतखडा झाला आहे त्याच्या वाटीत तो येता कामा नये. बीटचा कंद चालतो. फक्त तो दिल्यानंतर विष्ठा किंवा लघवी लालसर दिसली तर आदल्या दिवशीचे जेवण आठवावे, नाहीतर मध्यरात्री दवाखाना गाठाल. रताळे पौष्टिक आहे, पण त्याच्या १०० ग्रॅममध्ये गाजराच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते, आणि ते शिजवूनच द्यावे. मक्याचे दाणे चालतात; कणसाचा आतला बुरखुंडा मात्र कधीही कुत्र्याच्या हाती लागू देऊ नये. तो पचत नाही, आतड्यात अडकतो आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो.

डब्यातली भाजी वापरायची असेल तर त्यावरचे घटक वाचून घ्यावेत, कारण तिच्यात मीठ असते आणि कधी कधी कांदाही असतो. काहीही न मिसळता गोठवलेली भाजी ताज्या भाजीइतकीच चांगली. मोड आलेली कडधान्ये कच्ची देऊ नयेत, कारण मोड यायला लागणारी ऊब आणि ओल साल्मोनेलासारख्या जिवाणूंनाही मानवते. राजमा आणि त्याच्या जातीच्या घेवड्याचे वाळलेले दाणे कच्चे असताना त्यांतले लेक्टिन विषारी असते. ते भिजवून, पाणी बदलून, निदान १० मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय कोणाच्याच पोटात जाऊ नयेत.

भाजीमुळे रोग टळतात असे दावे बरेच केले जातात, आणि त्यांतले बहुतेक हवेतले असतात. एक अभ्यास मात्र सांगण्यासारखा आहे. स्कॉटिश टेरियर या जातीत मूत्राशयाचा एक विशिष्ट कर्करोग इतर जातींपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा रोग झालेल्या ९२ आणि न झालेल्या ८३ स्कॉटिश टेरियरांच्या आहाराची तुलना केली, तेव्हा आठवड्यातून निदान तीनदा भाजी मिळणाऱ्या कुत्र्यांत तो कमी आढळला. हा संबंध विशेषतः हिरव्या पालेभाज्या आणि पिवळ्या-नारिंगी भाज्यांबाबत दिसला. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. तरीही एखाद्याच्या घरी या जातीचा कुत्रा असेल तर वाटीत चमचाभर गाजर घालायला एवढे कारण पुरे आहे, असे माझे मत आहे.

जे कधीच द्यायचे नाही

या यादीत कांदा सर्वांत वर आहे, आणि त्याच्यासोबत लसूण, पातीचा कांदा आणि त्यांच्या कुळातले सारे काही: कच्चे, शिजलेले, तळलेले, वाळवून पूड केलेले. शिजवल्याने त्यातले विष नाहीसे होत नाही. यातली गंधकयुक्त संयुगे तांबड्या रक्तपेशींतल्या हिमोग्लोबिनवर आघात करतात, त्या पेशी फुटू लागतात आणि प्राण्याला रक्तक्षय होतो. कुत्र्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तात दखल घेण्याजोगे बदल घडवतो. मांजरासाठी हे प्रमाण अवघे ५ ग्रॅम आहे, कारण मांजराच्या हिमोग्लोबिनमध्ये असा आघात झेलणारे गंधकाचे गट इतर प्राण्यांपेक्षा अधिक असतात. घात करणारी गोष्ट अशी की लक्षणे लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवस प्राणी ठीक असतो, आणि मग हिरड्या फिकट पडतात, लघवी तांबूस-तपकिरी होते, जिना चढताना धाप लागते. तोवर कांद्याचा घास कोणाला आठवतही नाही. आपल्या पानात उरलेली भाजी प्राण्याला घालू नये असे सांगतात त्याचे खरे कारण तिखट नसून कांदा-लसूण हे आहे.

द्राक्षे आणि मनुका या भाज्या नव्हेत, पण त्या कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात आणि किती खाल्ल्यावर धोका होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून त्यांचा उल्लेख इथेच करून ठेवतो. हिरवट पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा, टोमॅटोची पाने आणि देठ, रुबार्बची पाने, रानातली अनोळखी अळिंबी ही सगळी वर्ज्य. अॅव्होकॅडोमधले पर्सिन हे विषारी द्रव्य पक्षी आणि ससे यांच्या जिवावर उठते. यांतले काही पोटात गेल्याचे कळले, तर घरच्या घरी मीठ पाजून ओकारी काढण्याच्या फंदात न पडता किती आणि कधी खाल्ले ते सांगून ताबडतोब पशुवैद्यांना फोन करावा.

ससा, गिनीपिग आणि पोपट

सशाच्या आहारात ८० ते ८५ टक्के भाग गवताचा असावा. भाजी त्याच्या सोबतीला. सतत वाढणारे दात झिजतात ते गवताने, आणि आतडे चालते राहते तेही गवतानेच. कोथिंबीर, रोमेन लेट्यूस, गाजराचा पाला अशी पाने दररोज दोन-तीन प्रकारची, आलटून पालटून द्यावीत. ससा म्हटला की गाजर हे समीकरण चित्रांनी रूढ केले आहे. प्रत्यक्षात गाजर त्याच्यासाठी मिठाई आहे आणि पेराएवढा तुकडा अधूनमधून पुरतो. ससा अन्नातले जवळपास मिळेल तेवढे कॅल्शियम शोषून घेतो आणि जादा झालेले लघवीवाटे टाकतो, म्हणून केल आणि पार्स्ले यांसारखी कॅल्शियमने भरलेली पाने रोज दिली तर मूत्राशयात गाळ साचू शकतो. सशाला उलटी करता येत नाही. त्याने १२ तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट पाहू नये.

माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. त्याला ते दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागते. लाल ढोबळी मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये ते सुमारे १२५ मिलिग्रॅम असते, म्हणजे २० ग्रॅमची एक फाक किलोभर वजनाच्या गिनीपिगची दिवसाची गरज भागवते. ती कच्चीच द्यावी आणि देण्याच्या वेळीच चिरावी, कारण उष्णता आणि हवा या दोन्हींमुळे हे जीवनसत्त्व नाश पावते. खाद्याच्या पिशवीवर क जीवनसत्त्व छापलेले असले तरी साठवणीत ते घटत जाते, तेव्हा मिरचीला सुट्टी देऊ नये.

फक्त बियांवर वाढवलेल्या पोपटात अ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. गाजर, भोपळा, लाल मिरची आणि गडद हिरवी पाने यांनी ती भरून निघते. पोपट अनोळखी वस्तूला बिचकतो, म्हणून भाजी बारीक चिरून त्याच्यासमोर आधी आपण खावी. त्याला मग ती हवीच असते. उरलेली भाजी दोन ते चार तासांत पिंजऱ्यातून काढून टाकावी.

आजारी प्राणी, पिल्ले आणि नकार

मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, स्वादुपिंडाचा दाह किंवा मूतखडा असलेल्या प्राण्याचा आहार हा त्याच्या औषधाचाच भाग असतो. भोपळा आणि रताळे यांत पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंडे दुबळी असतील तर तेच निरुपद्रवी वाटणारे चमचे अडचणीचे ठरू शकतात. अशा प्राण्याला पशुवैद्यांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. पिल्लांची हाडे वाढत असताना कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचा तोल नाजूक असतो, त्यामुळे वाढ पूर्ण होईपर्यंत भाजी फक्त शिकवतानाचा खाऊ म्हणून, तुकड्या-तुकड्याने द्यावी.

रोज थोडे शिजवणे कोणालाच जमत नाही. वाफवून कुस्करलेली भाजी बर्फाच्या साच्यात घालून गोठवावी आणि जमल्यावर त्या वड्या तारीख लिहिलेल्या डब्यात ठेवाव्यात. रात्री एक वडी फ्रिजमध्ये काढून ठेवली की सकाळी ती वाटीत घालता येते. न गोठवलेली शिजवलेली भाजी फ्रिजमध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये.

आणि नाहीच खाल्ली तर? कुत्र्याच्या बाबतीत कंटाळू नये. आमच्याकडचा कुत्रा वाटाणा तोंडात घेतो, त्यावरचे सारे खाद्य चाटून पुसून काढतो आणि तो वाटाणा स्वच्छ धुतल्यासारखा जमिनीवर ठेवून निघून जातो, पण तोच वाटाणा कुस्करला की निमूटपणे खातो. मांजराशी मात्र हट्टाला पेटू नये. भूक लागली की खाईल, या विचाराने मांजराला उपाशी ठेवणे धोक्याचे आहे, कारण दोन-तीन दिवस पोटात अन्न गेले नाही, तर विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि हा आजार जिवावर बेतू शकतो. त्याने चमचाभर भोपळा हुंगून पाठ फिरवली, तर तो उचलावा आणि त्याचे नेहमीचे खाद्य समोर ठेवावे.